‘मशीन चुकलं’ म्हणून कंपनीला हात झटकता येतात का?

जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या मावशीनं संक्रांतीच्या आधी मोबाइलवरून मिक्सर मागवला. शेंगा चटणीसाठी. चटणी उखळातच कुटायची की मिक्सरला लावायची, हा आमच्या घरातला जुना वाद. यंदा गुडघ्यांमुळं मावशीनं माघार घेतली. मिक्सर आला आणि दुसऱ्याच घाण्याला दाण्यांना तेल सुटलं, तसं भांड्याच्या बुडातून, पात्याच्या खालून ते झिरपायला लागलं. पांढऱ्या ओट्यावर तिखटाचा लालभडक ओघळ.

कंपनीच्या वेबसाइटवर कोपऱ्यात गप्पांची खिडकी होती. मावशीनं मराठीत लिहिलं, उत्तरही शुद्ध मराठीत आलं : काळजी करू नका, १५ दिवसांत कधीही वस्तू परत करता येईल, पूर्ण पैसे मिळतील. मावशी निर्धास्त झाली. संक्रांत झाली, सिद्धेश्वर यात्रेचे नंदीध्वज झाले, गड्ड्याच्या जत्रेत नातवंडांना फिरवून झालं. अकराव्या दिवशी तिनं परतीची विनंती टाकली, तर फोनवर माणूस म्हणाला, “मॅडम, मुदत ७ दिवसांचीच होती. चॅटबॉटनं चुकून १५ सांगितलं. तो एआय आहे, त्याच्या बोलण्याची जबाबदारी आम्ही घेत नाही.”

मावशीनं मला फोन लावला. “अरे, मग जबाबदारी घेतं कोण? त्या एआयला धरून आणू का आता?”

प्रश्न चेष्टेतला असला तरी ऐरणीवरचा आहे. १५ मार्चच्या जागतिक ग्राहक हक्क दिनाचा २०२४ चा विषयच ‘ग्राहकांसाठी न्याय्य आणि जबाबदार एआय’ असा होता. आपल्याकडं तर बँक, विमा, वीजबिल, रिक्षा, किराणा, सगळ्यांच्या दारात आता आधी मशीन उभं असतं.

एआय आणि ग्राहक : दोनच शब्द आधी

जुना कॉम्प्युटर प्रोग्रॅम सांगितलेला नियम पाळायचा. ७ दिवस लिहिलं तर ७. एआयचं तसं नसतं. आधीचे लाखो नमुने पाहून ‘इथं साधारण काय येतं’ याचा तो अंदाज बांधतो. बोलणारा चॅटबॉट पुढचा शब्द कुठला शोभेल याचा अंदाज करत वाक्य विणत जातो. म्हणून तो कधी अडखळत नाही आणि चुकतानाही आवाज तोच, ठाम. सोलापूरच्या सात रस्ता चौकात उभं राहून पत्ता विचारून बघा. ज्याला ठाऊक नाही तोसुद्धा हात दाखवतोच की, आणि तेही अगदी खात्रीनं.

ग्राहक म्हणजे पैसे देऊन, किंवा देण्याचं कबूल करून, वस्तू किंवा सेवा घेणारा. १९८६ च्या कायद्याची जागा घेणारा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे आणि ऑनलाइन खरेदी त्यात स्पष्ट शब्दांत येते. वस्तू बिघडलेली असेल तर ती ‘सदोष’. कामात कसूर झाली तर ‘सेवेतील त्रुटी’. फसवून विकलं तर ‘अनुचित व्यापारी प्रथा’. हे तीन शब्द पुरेत.

दिवाणजी चुकला तरी खातं मालकाचंच

पेठेतल्या दुकानात गादीवर मालक नसतात, दिवाणजी असतात. दिवाणजींनी “चादर विटली तर महिन्यात बदलून देऊ” म्हटलं आणि नंतर मालक “मी कुठं म्हटलं?” म्हणाले, तर गिऱ्हाईक ऐकून घेईल का? कायदाही घेत नाही. धंद्याच्या ओघात प्रतिनिधीनं केलेलं चुकीचं विधान मालकानंच केल्यासारखं धरायचं, हे १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आहे.

आता कुणी म्हणेल, दिवाणजी माणूस आहे, चॅटबॉट कुठं माणूस आहे? मान्य. पण मग कंपनीची बाजू आणखीच लंगडी पडते, कारण मध्ये दुसरं कुणी उरतच नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं अकरावं कलम याबद्दलच आहे. आपोआप चालण्यासाठी तयार केलेल्या यंत्रणेनं पाठवलेला इलेक्ट्रॉनिक मजकूर, ती यंत्रणा ज्यानं किंवा ज्याच्यासाठी तयार केली त्याचाच मानायचा. चॅटबॉट हा शब्द आपल्या घरात यायच्या कितीतरी आधीचं कलम आहे हे. मावशीला १५ दिवस चॅटबॉटनं सांगितले नव्हते, कंपनीनं सांगितले होते.

असा एक खटला कॅनडात गाजला. आजी वारली म्हणून एका नातवानं एअर कॅनडाच्या चॅटबॉटला सवलतीच्या तिकिटाबद्दल विचारलं. आधी पूर्ण भाड्यानं जा, नंतर अर्ज करून फरक घ्या, असं चॅटबॉट म्हणाला. प्रत्यक्षात कंपनीचा नियम उलटा होता. कंपनीनं लवादापुढं बचाव काय केला, तर चॅटबॉट हा स्वतंत्र आहे, त्याच्या कृतीला तोच जबाबदार. ब्रिटिश कोलंबियातल्या लवादानं फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला आणि सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. वेबसाइटवर जे काही आहे त्या सगळ्याला कंपनीच जबाबदार, मग ते साध्या पानावर लिहिलेलं असो की चॅटबॉटनं सांगितलेलं. तिथला निकाल आपल्याकडं बंधनकारक नाही. पण ‘मशीन वेगळं, आम्ही वेगळे’ हा बचाव न्यायाधीशासमोर कसा दिसतो, ते त्यातून कळतं.

तराजूवरचा शिक्का

मग एआयसाठी वेगळा कायदा हवा, ही ओरड कशासाठी? इथं दोन गोष्टींची गल्लत होते.

भाजीवाल्याच्या काट्याकडं नीट पाहा. त्यावर वैध मापन शास्त्र विभागाचा शिक्का असतो. गिऱ्हाइकानं तक्रार करायच्या आधीच कुणीतरी तो काटा तपासून गेलेलं असतं आणि ठरावीक मुदतीनं पुन्हा तपासतं. हे झालं नियमन. फसवणूक झाल्यावर तुम्ही पावती घेऊन ग्राहक आयोगापुढं जाता, ते झालं ग्राहक संरक्षण. एक आधी, एक नंतर.

हा फरक सोलापूर जिल्ह्यातल्या ऊस उत्पादकाला समजावून सांगायला नको. काटामारीचा संशय आला तर तो काय म्हणतो? नुकसानभरपाईचं नंतर बघू, आधी भररस्त्यावरच्या काट्यावर ट्रॉली तोलू द्या आणि भरारी पथक पाठवा. कारण काटा कारखान्याच्या आवारात असतो. एका खेपेला किती मारलं हे शेतकऱ्याला एकट्यानं कधीच सिद्ध करता येत नाही.

एआय हा असाच दुसऱ्याच्या आवारातला काटा आहे. तुमची पत, तुमचा विम्याचा दावा, तुमच्या टॅक्सीचं भाडं त्यावर तोललं जातं आणि त्यावर आज आपल्याकडं शिक्का नाही. ग्राहक कायदा जिथं कमी पडतो ती जागा हीच.

युरोपीय संघानं शिक्क्याचा रस्ता धरला. त्यांचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ ला अमलात आला, कलमं टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत. धोका जितका मोठा तितकी तपासणी कडक. माणसाची पत ठरवणारी यंत्रणा ‘जास्त धोक्याच्या’ यादीत आहे. माणसांना वागणुकीवरून गुण देऊन त्यांचं नुकसान करणाऱ्या काही यंत्रणांवर सरळ बंदी आहे. समोर मशीन बोलतंय हे ग्राहकाला कळलंच पाहिजे. सर्वांत मोठा दंड साडेतीन कोटी युरो किंवा जगभरातल्या उलाढालीच्या ७ टक्के, यातलं जे जास्त असेल ते.

भारतानं तूर्त वेगळा कायदा केलेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचा सूर असा, की आहेत ते कायदे आधी वापरा, पोकळी दिसेल तिथं दुरुस्ती करा. ही मार्गदर्शक तत्त्वं म्हणजे सल्ला. तो मोडला म्हणून दंड होत नाही.

‘पण ग्राहक कायद्यात एआय हा शब्दच कुठं आहे?’

नाही. मिक्सर हा शब्दही नाही. कायदा वस्तूंची यादी देत नाही, व्यवहार बघतो.

तरी हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. २०१९ च्या कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ नावाचं नवं प्रकरण आलं. सदोष उत्पादनामुळं इजा झाली तर बनवणारा, विकणारा आणि सेवा देणारा यांच्याकडून भरपाई मागता येते. पण त्यात ‘उत्पादन’ म्हणजे काय सांगितलंय? वायू, द्रव किंवा घन अवस्थेतली, देता-घेता येणारी चीज. आता सॉफ्टवेअर या तिघांपैकी नेमकं काय? शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातली व्याख्या इथं अडचणीची ठरते. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये तयार सॉफ्टवेअरला ‘माल’ मानलं होतं खरं, पण तो वाद विक्रीकराचा होता. युरोपनं आपल्या नव्या उत्पादन दायित्वाच्या नियमांत सॉफ्टवेअर हा शब्दच घालून टाकला, सदस्य देशांनी तो डिसेंबर २०२६ पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचा आहे. आपल्याकडं एका ओळीची दुरुस्ती पुरे होईल असं माझं मत आहे.

तोवर ‘सेवेतील त्रुटी’ हा रस्ता उघडा आहे. २०१९ मध्ये त्रुटीच्या व्याख्येत भर पडली : ग्राहकापासून महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणं हीसुद्धा त्रुटीच. हे वाक्य लक्षात ठेवा, कर्जाच्या गोष्टीत ते पुन्हा लागेल.

आणि उलटा प्रकारही आहे. एआय नसताना एआय सांगणं. गेल्या दिवाळीत नवी पेठेत पंख्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘एआय’ छापलेलं पाहिलं. विक्रेत्याला विचारलं, हा करतो काय? “फिरतो,” म्हणाला. असा दावा सिद्ध करता आला नाही, तर ती दिशाभूल करणारी जाहिरात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्यासाठी १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत.

मला एक भाव, शेजाऱ्याला दुसरा

आषाढीला पंढरपुरात खोलीचा भाव चढतो. त्यात नवल नाही, कारण तो त्या दिवशी येणाऱ्या सगळ्यांनाच चढतो. शंका येते ती एकाच वेळी, एकाच गोष्टीसाठी दोन मोबाइलवर दोन भाव दिसले की. जानेवारी २०२५ मध्ये आयफोन आणि अँड्रॉइडवर वेगवेगळं भाडं दिसत असल्याच्या तक्रारींवरून केंद्रीय प्राधिकरणानं ओला आणि उबरला नोटिसा काढल्या. दोन्ही कंपन्यांनी आरोप नाकारला.

तुम्ही म्हणाल, दुकानदारही चप्पल बघून भाव सांगतो. सांगतो ना. पण त्याच्याशी घासाघीस करता येते, शेजारच्या दुकानात जाता येतं, आणि तो आपली चप्पल बघतोय हे आपल्याला दिसत असतं. मशीन काय बघतंय ते दिसत नाही.

ई-कॉमर्स नियम २०२० इथं कामाला येतात. एकाच वर्गातल्या ग्राहकांमध्ये भेदभाव करायचा नाही, असं ते सांगतात. खरी मेख ‘एकाच वर्गातल्या’ या शब्दांत आहे. हे वेगळ्या वर्गातले ग्राहक आहेत, असं कंपनी म्हणणारच. याच नियमांनुसार बाजारपेठ चालवणाऱ्या साइटनं कुठली वस्तू वर आणि कुठली खाली का दिसते, त्याचे मुख्य निकष सोप्या भाषेत जाहीर करायचे असतात. ते पान शोधून वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय.

त्यापुढं ३० नोव्हेंबर २०२३ ची ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. डार्क पॅटर्न म्हणजे स्क्रीनची अशी रचना, की बोट नको तिथंच पडावं. ‘फक्त २ शिल्लक’ अशी खोटी घाई, टोपलीत गुपचूप टाकलेला विमा, घ्यायला एक बटण आणि सोडायला सतरा पानं असलेली वर्गणी, असे १३ प्रकार त्यात दिलेत. हे पूर्वी सगळ्यांसाठी एकच असायचं. एआयमुळं प्रत्येकाच्या दुखऱ्या नसेप्रमाणं वेगळं करता येतं.

कर्ज नाकारलं, कारण ‘सिस्टीम’ला विचारा

अशोक चौकाकडं माझ्या ओळखीचे एक यंत्रमागवाले आहेत. टॉवेल विणतात, चार माग. धागा घ्यायला दोन लाख हवे होते. मोबाइलवरून अर्ज केला, चार मिनिटांत नकार. “मालक, चार मिनिटांत तर कांडी पण भरत नाही,” म्हणाले. कारण विचारलं तर एकच उत्तर : सिस्टीमनं नाकारलं.

कर्ज मिळणं हा ग्राहकाचा हक्क नाही. कुणाला द्यायचं हा सावकाराचा धंद्याचा निर्णय, आणि निव्वळ धंद्याच्या निर्णयावर रिझर्व्ह बँकेचे लोकपालही तक्रार घेत नाहीत. ‘मशीननं मला का नाकारलं ते सांगा’ असा सरसकट हक्क आपल्या कुठल्याही कायद्यात आज लिहिलेला नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, कंपन्यांना तयारीसाठी १८ महिने मिळाले. तुमची कुठली माहिती वापरली हे विचारायचा हक्क त्यात आहे, संमतीची सूचना मराठीत मागायचाही आहे. निर्णयाचं कारण मागायचा नाही.

मग हातात काय उरतं? एक, पतअहवाल, म्हणजे तुमच्या कर्जांची आणि फेडीची नोंद. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. आमच्या यंत्रमागवाल्यांनी मागवला तर सहा वर्षांपूर्वी फेडलेलं मोटरसायकलचं कर्ज त्यात अजून उभंच होतं. अशी चूक कळवल्यावर ३० दिवसांत निस्तरली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे मशीनवर भांडता आलं नाही तरी मशीनला काय खाऊ घातलं, त्यावर भांडता येतं.

दोन, आधी पैसे घेतले असतील तर. प्रक्रिया शुल्क कापून घेतलं, निकष सांगितले नाहीत आणि मग नाकारलं, तर माहिती लपवल्याचा मुद्दा उभा राहतो. वर म्हटलं ते वाक्य ते हेच.

हमखास येणारा आक्षेप म्हणजे, धंद्यासाठी घेतलेल्या गोष्टीला ग्राहक कायदा लागत नाही. खरंय. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू किंवा सेवा त्या अपवादातून बाहेर काढलीय. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये याचा खुलासा केला : मशीन घेऊन स्वतः चालवणारा ग्राहक असू शकतो, कामगार ठेवून नफ्यासाठी कारखाना काढणारा नाही. चार माग आणि घरातलीच माणसं असतील तर बाजू मांडता येते.

फुकटच्या ॲपचं काय?

पैसे दिले नाहीत तर तुम्ही या कायद्याचे ग्राहक नाही. फुकटच्या चॅटबॉटनं औषधाचा चुकीचा डोस सांगितला, तर आयोगाचं दार बहुधा बंद. बँकेचा किंवा विमा कंपनीचा चॅटबॉट मात्र फुकट नसतो, तुमच्या व्याजातून आणि हप्त्यातून त्याचं भाडं गेलेलं असतं.

‘इतके नियम केले तर आपलीच पोरं मागं पडतील’

हा आक्षेप मला मनापासून पटतो, अर्धा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एखादा पोरगा एआयवर चादरीची नक्षी काढत असेल, तर त्याच्यामागं तपासनीस लावण्यात अर्थ नाही. नक्षी फसली तर चादर विकली जाणार नाही, एवढंच. पण पेढ्याच्या दुकानातला काटा आणि कारखान्याचा ऊसकाटा यांना आपण एका मापानं मोजत नाही. कर्ज, विमा, दवाखाना, नोकरी इथं तोलणाऱ्या यंत्रांवर शिक्का हवा, बाकीच्यांसाठी ग्राहक आयोग पुरेसा आहे. आणि शिक्क्यालाही मर्यादा असतात. नामांकित डॉक्टरचा चेहरा आणि आवाज एआयनं बनवून गुडघ्याचं तेल विकणाऱ्या जाहिराती बघा. त्यामागच्या माणसाला पत्ताच नसेल, तर शिक्का कुणावर मारणार?

तक्रार करायचीच तर

मावशी वाचली ती नातवामुळं. चॅटची खिडकी बंद केली की सगळं संभाषण गायब होत होतं, पण पोरानं दुसऱ्या मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता. तारीख, वेळ आणि ‘१५ दिवस’ एकाच चौकटीत. चॅटबॉटनं आश्वासन दिलं रे दिलं की आधी फोटो, मग आभार.

त्यानंतर साइटवर तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव शोधलं. ते देणं बंधनकारक आहे. ४८ तासांत पोच आणि महिन्यात निवारण, असा नियम आहे. तोच फोटो जोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनलाही कळवलं. तिथं मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन आदेश देत नाही, मध्यस्थी करते. त्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर इथंच सोलापुरात, कंपनी गुरुग्रामची असो की बंगळुरूची, कारण आपण राहतो तिथं तक्रार करायची सोय २०१९ च्या कायद्यानं दिली. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. मुदत, घटनेपासून दोन वर्षं.

आयोगापर्यंत जावं लागलं नाही. तक्रारीनंतर नवव्या दिवशी पैसे परत आल्याचा मेसेज आला. मिक्सर न्यायला माणूस पाठवतो, असं चॅटबॉटनं सांगितलंय. खोकं अजून ओट्याखालीच आहे, नातवानं त्या मेसेजचाही फोटो काढून ठेवलाय, आणि चटणी सध्या उखळात कुटली जाते.